चोर्ला उतरल्यावरची भट्टी

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात दोन संध्याकाळी मला तिथल्या चार मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागेवरच बिअर तयार करून विकणारी छोटी ठिकाणे, दाखवली. पुण्यात २००९ मध्ये डुलाली ही पहिली मायक्रोब्रूअरी सुरू झाली, तेव्हापासून त्या शहरात ताज्या बिअरची एक स्वतंत्र आवड तयार झालेली आहे, आणि काचेपलीकडच्या चकचकीत टाक्यांकडे बोट दाखवून मामाला गव्हाची बिअर आणि बार्लीची बिअर यांतला फरक समजावून सांगताना भाच्याचा उत्साह पाहण्यासारखा होता. ही बिअर गाळून, बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवण्यासाठी नसते, जिथे होते तिथेच आणि थोड्या दिवसांत प्यायची असते, हे त्याने मला दोनदा सांगितले. मग सहज विचारले, "मामा, आपल्या बेळगावात असं काय मिळतं?" मी कुंदा म्हणालो, आमच्याकडची खव्याची मिठाई. तो हसला, मीही हसलो. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण त्याचे खरे उत्तर कुंदा नव्हे, हे मला तेव्हाच जाणवले होते.

खरे उत्तर म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची दारू, हुर्राक. ते बेळगावात नाही, बेळगावापासून चोर्ला घाट उतरण्याइतके दूर आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि खानापूर तालुक्यातला माझा एक जुना शाळासोबती सकाळी जांबोटीच्या रस्त्याला लागलो. या सोबत्याची स्वतःची काजूची बाग आहे. त्याने आधीच बजावले होते की गाडी तो चालवणार आणि म्हणून दिवसभर काही घेणार नाही. घाटाची वळणे ज्याला ठाऊक आहेत त्याला या अटीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. कणकुंबीला, म्हणजे मलप्रभेच्या उगमापाशी, चहा घेतला. पुढे गोव्याच्या हद्दीतल्या सुर्ल्याचा फाटा लागतो. शनिवार-रविवारी बेळगावची बरीच तरुण मंडळी तिथूनच परत फिरतात आणि गोवा पाहून आल्याचे सांगतात. आम्ही सरळ घाट उतरून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात शिरलो.

निघण्यापूर्वी त्याच्या बागेत जे पाहिले ते आधी सांगायला हवे. काजूचे खरे फळ म्हणजे ती बी. तिच्यावर फुगलेले पिवळे-तांबडे बोंडू हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने नुसते फुगलेले देठ. पण वजनात बोंडू बीपेक्षा साधारण आठपट किंवा त्याहूनही जड भरते. माझा सोबती, चंदगड-आजऱ्याकडचे बागायतदार करतात तसेच, बी पिळून काढतो, वाळवतो आणि कारखान्याला विकतो. बोंडू झाडाखालीच पडून राहते. काही गुरे खातात, काही पोरे मीठ लावून खातात आणि घसा धरला म्हणून ओरडतात, उरलेले दोन दिवसांत काळे पडून आंबते. त्याच्या बागेत त्या दिवशी एका झाडाखाली बोंडांचा गुडघ्याएवढा ढीग होता आणि त्यावर माश्यांचा गोंगाट चालला होता. म्हणजे झाडाने केलेल्या कमाईचा मोठा भाग तो दरवर्षी मातीत घालतो, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याच्या वडिलांनीही तेच केले होते.

घाटाखाली तेच झाड, तीच माती, आणि बोंडूला मात्र भाव. आम्ही गेलो ती भट्टी रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत होती. बोंडू तोडायचे नाही, झाडावरून आपणहून पडलेलेच वेचायचे, हा तिथला पहिला नियम, कारण तोडलेल्या बोंडूत पुरती साखर उतरलेली नसते. वेचलेली बोंडे बी काढून 'कोळंबी'त टाकतात. कोळंबी म्हणजे कातळात कोरलेले किंवा सिमेंटचे बांधलेले उथळ टाके. त्यात उतरून पायांनी बोंडे तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी दाबयंत्रे आली आहेत, पण या भट्टीवर एक प्रौढ गृहस्थ अजून पायांनीच तुडवत होते, आणि त्यांची लय पाहून मला आमच्याकडच्या खळ्यावरच्या मळणीची आठवण झाली. तुडवून झालेल्या चोथ्याचा गोल ढीग रचून तो वेलीने आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. मग जो स्वच्छ रस थेंबथेंब पाझरतो त्याला 'निरो' म्हणतात. तो आंबवत नाहीत, थंड करून तसाच पितात. माझ्या सोबत्याच्या वाट्याला तोच आला. पहिल्या घोटाला त्याने तोंड वाकडे केले, दुसऱ्यानंतर पेला पुढे केला.

तुडवून निघालेला मुख्य रस मडक्यांत किंवा पिंपांत साधारण तीन दिवस आंबतो. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, साखर घालत नाहीत, मसालाही नाही. बोंडूच्या सालीवर आणि हवेत जे असते तेवढ्यावरच काम चालते. पुण्यात भाच्याने यीस्टच्या जातींवर मला दिलेले व्याख्यान इथे कुणाच्या कामाचे नव्हते. आंबलेला रस 'भाण' नावाच्या भांड्यात जाळावर चढवतात. पूर्वी भाण मातीचे असे, आता बहुतेक तांब्याचे असते. तोंड मातीने लिंपून बंद करतात आणि वाफ नळीतून पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात, 'लावणी'त, नेऊन थंड करतात. या मधल्या वेळात भट्टीवाल्याचे सगळे लक्ष जाळावर असते. जाळ वाढला तर रस करपून वास धरतो, कमी झाला तर धार तुटते. दोन तास आम्ही तिथे बसलो आणि त्या माणसाने लाकडे आत-बाहेर करण्यापलीकडे काहीही केले नाही. तेच काम सर्वांत अवघड आहे हे लक्षात यायला मला एक तास लागला.

इथे माझा एक गैरसमज दुरुस्त झाला. मराठीत 'पहिल्या धारेची' म्हटले की सर्वांत जहाल, असा अर्थ आपल्या मनात पक्का बसलेला आहे, त्यामुळे पहिल्या उकळीतून निघणारा हुर्राक कडक असणार असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के असते. हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा भाणात घातल्यावर जी निघते ती फेणी, आणि ती ४० टक्क्यांच्या पुढे जाते. तीव्रता 'ग्राव' या पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या मापात सांगतात. पण भट्टीवाल्याने मापाचे यंत्र बाजूला ठेवून बाटली हलवली आणि वर आलेले बुडबुडे किती वेळ टिकतात ते आम्हाला दाखवले. फेणी हे नाव फेसावरून आले असे मानतात, ते त्या बुडबुड्यांकडे पाहून पटले.

हुर्राक मी लिंबाच्या सोड्यात, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून घेतला. वास आधी येतो, चव नंतर, आणि तो वास पिकलेल्या बोंडूचाच असतो, त्यात काही लपवाछपवी नसते. मला तो पहिल्या पेल्यात आवडला नाही आणि दुसऱ्यात आवडला. फेणीचे मात्र तसे झाले नाही. तिचा वास मला अजूनही आक्रमक वाटतो, आणि उगाच गोव्याचे कौतुक करायचे म्हणून तिला चांगले म्हणावे, असे मला वाटत नाही. हुर्राकाची गंमत अशी की तो मार्च ते मे एवढेच दिवस मिळतो. फेणी वर्षानुवर्षे राहते, हुर्राक राहत नाही. पुण्यातल्या टाकीबद्दल भाच्याने जे दोनदा सांगितले होते, ते मला इथे कुणी सांगण्याची गरज पडली नाही.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला, त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे जे वर्ष पुण्यातल्या पहिल्या मायक्रोब्रूअरीचे, तेच हेही. गोव्यात काजूच्या भट्ट्यांसाठी अबकारी खाते विभागवार लिलाव करते, परवाने देते. आमच्या बाजूला, कर्नाटकात, घरच्या बागेतल्या बोंडांवर कुणी भाण चढवले तर तो सरळ गुन्हा होतो. शिवाय गोव्यातली बाटली परवान्याशिवाय नाक्यापलीकडे आणता येत नाही, म्हणून आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. घाट चढताना खिडकीतून दोन्ही बाजूंना काजू दिसत होता, आणि कोणते झाड कोणत्या राज्यात आहे, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नव्हते.

माझा सोबती निघताना भट्टीवाल्याला बोंडूचा भाव विचारून आला होता. पडल्या दिवशीच पोचले पाहिजे, चेंगरलेले नको, बी काढलेले हवे, असे त्याला सांगण्यात आले होते. कणकुंबीच्या हॉटेलात दुसऱ्या चहाबरोबर त्याने बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला: पहाटे वेचणाऱ्या चार बायकांची मजुरी, पिकअपचे भाडे, घाटातले डिझेल, आणि वाटेत चेंगरून जाणारा माल. आकडा त्याने दोनदा तपासला, कागद घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाला, "गुरांनाच घालतो की ओ."