बर्फाच्या पाण्यात दोन अंश

"दाजी, हे तर पिठलं झालं," मेव्हणा आइसबॉक्समध्ये डोकावून म्हणाला. तोटी पूर्ण उघडलेली, खाली पातेलं लावलेलं, आणि वीस मिनिटांत त्यात कसाबसा तांब्याभर रस उतरलेला.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, अगदी घरच्यापुरतीसुद्धा. मेव्हण्याची परवान्याची मायक्रोब्रुअरी आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात नवे प्रकार करून बघायला 20 लिटरचा घरगुती मापाचा सेट आहे: सहलीचा आइसबॉक्स, तळाला जाळी, दोन मोठी पातेली. रविवारी तो माझ्या ताब्यात असतो. तयार अर्काचा डबा न फोडता थेट माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून सुरुवात करायची, हा हट्टही माझाच. भरडलेला माल्ट आइसबॉक्समध्ये 66 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा, त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तो गोड रस तोटीतून गाळून घ्यायचा.

पिठल्याला जबाबदारही मीच. त्याचं रोलरचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून 5 किलो माल्ट मी कॉलनीतल्या पिठाच्या गिरणीत नेला. गिरणीवाल्या मामांनी विचारलं, "भरडा कसला? लापशीचा की इडलीचा?" मी म्हटलं, लापशीचा. त्यांनी अगदी चोख लापशीचा काढून दिला. पण दगडाखाली दाण्याबरोबर सालाचाही भुगा होतो, आणि हे सालच इथली खरी गाळणी. रोलरमध्ये दाणा फुटतो, साल बऱ्यापैकी अख्खं राहतं आणि त्याच्या थरातून गोड रस झिरपत खाली येतो. सालाचा भुगा झाला की जाळीवर नुसता लगदा बसतो. त्यात मी तोटी एकदम उघडली, तेव्हा खालच्या ओढीने तो लगदा आणखी घट्ट झाला.

मेव्हण्याकडे घोटीच्या भातगिरणीतून आणलेल्या तुसाचं पोतं होतं. पाव किलो तूस तीन पाण्यांनी धुऊन लगद्यात कालवलं, दहा मिनिटं थांबलो आणि तोटी करंगळीएवढी धार येईल इतकीच उघडली. पहिले दोन तांबे गढूळ आले, ते हळूच वरून परत ओतले. तिसरा चहासारखा स्वच्छ. इतका आनंद मला दहावीच्या निकालानेही झाला नव्हता. त्या भरात गरम रसातच हायड्रोमीटर, म्हणजे घनतेवरून साखर सांगणारी तरंगती नळी, बुडवला आणि आकडा बघून हबकलो. माझ्या हायड्रोमीटरचे आकडे 20 अंशांच्या द्रवासाठी आहेत. गरम रसात तो खोल बुडतो आणि साखर कमी दाखवतो. नमुना थंड करून मोजला तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुसरी खेप मोरीत गेली. चव ठीक होती, पण नाकाशी नेली की पट्टी बांधायच्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. वाइनरीत काम करणाऱ्या शेजाऱ्याने एक घोट घेऊन विचारलं, "पाणी नळाचंच ना?" नळाच्या पाण्यातला क्लोरीन माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉलशी जुळला की हा वास येतो, आणि एकदा आला की काढता येत नाही. उपाय त्याच्याच धंद्यातला निघाला: केएमएस, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. द्राक्षांच्या गावात ते मिळायला काय अडचण? 30 लिटर पाण्याला पाव ग्रॅमही लागत नाही. वजनकाटा दागिन्यांचा हवा, भाजीचा नव्हे.

तिसऱ्या खेपेने मात्र मला खरं छळलं. वास स्वच्छ, रंग सुरेख, आणि तोंडात घेतली की पाणी. हायड्रोमीटरवर साधं पाणी 1.000 दाखवतं, आणि यीस्ट साखर खात जातं तसा आकडा उतरतो. 1.050वरून सुरू झालेली बिअर 1.012च्या आसपास थांबायला हवी होती, ती 1.007पर्यंत उतरली. एप्रिल होता, म्हणून आधी उन्हाळ्यावर संशय घेतला. पण टाकी टबात ठेवून ओलं फडकं गुंडाळलं होतं, बर्फाच्या बाटल्या बदलत होतो, 20च्या वर गेली नव्हती. मग जंतुसंसर्गावर संशय घेतला. सगळ्या नळ्या बदलल्या. टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च उरलाय का तेही पाहिलं होतं, निळा रंग आला नव्हता.

एका रात्री थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घातला. काटा 2वर.

तो मीच जुळवला होता. पाणी खळखळा उकळवून काटा 100वर आणून ठेवला होता. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथे पाणी 98च्या आसपासच उकळतं. म्हणजे काटा 66 दाखवायचा तेव्हा आत 64 असायचं, आणि आइसबॉक्सच्या सैल झाकणामुळे तासाभरात त्यातले आणखी दोन जायचे. स्टार्चची साखर करतात ती माल्टमधली दोन एन्झाइम्स, अल्फा आणि बीटा अमायलेज. 65च्या खाली बीटा निवांत काम करतं आणि यीस्टला खाता येतील अशा लहान साखरा भरपूर करून ठेवतं. यीस्ट ते सगळं फस्त करतं, बिअरला अंगच उरत नाही. 68च्या वर अल्फाचा जोर, तिथे यीस्टला न खाता येणारे जाडसर तुकडे मागे राहतात.

मी अंबडच्या एमआयडीसीत गेज तपासतो. दिवसभर इतरांच्या उपकरणांवर कॅलिब्रेशनचे स्टिकर चिकटवणं हेच माझं काम. मेव्हण्याला हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीवर बसूनच राहिला, हसू आवरेना त्याला.

चौथ्या खेपेला काटा बर्फावर शून्याला जुळवला, झाकणावर जुनी गोधडी टाकली. 1.012. तोंडात भरते आता. फक्त फेस दोन मिनिटांत बसतोय. मेव्हण्याचा संशय ग्लास धुण्याच्या साबणावर आहे. पुढच्या रविवारी ग्लास नुसत्या सोड्याने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून बघणार आहे.