पडदा नीट पडेना

गोष्ट साधी होती: पाऊस थांबायची वाट बघत खिडकीशी बसलेलं कापडी अस्वल. ३२ पानी चित्रपुस्तक, आणि चित्रांऐवजी छोटे सेट बांधून त्यांचे फोटो. प्रमाण १:१२ ठरवलं, म्हणजे खरा एक फूट इथे एक इंच. भिंती फोम बोर्डच्या, जमीन आइस्क्रीमच्या काड्यांची, खुर्चीची बैठक दीड इंचावर. हे आठवडाभरात झालं.

पडद्याने मात्र चार दिवस घेतले. कापड कितीही लहान कापा, त्याचा ताठपणा तेवढाच राहतो. पडदा खाली पडायच्या ऐवजी फेंदारून उभा राहायचा, आणि जवळून फोटो काढला की वीण पोत्यासारखी दिसायची. शेवटी धुऊन धुऊन विरलेली मलमल घेतली. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्यात ती भिजवली, खालच्या दुमडीत बारीक तार घातली. थर्माकोलवर प्लॅस्टिक पसरून ओल्या कापडाची एकेक चुणी टाचण्यांनी बसवली आणि रात्रभर वाळू दिली. सकाळी टाचण्या काढल्या, तर पडद्याला खऱ्या पडद्याचं वजन आलं होतं! मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

मोठी चूक पुढेच होती. अस्वल मी जोडपानाच्या, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांच्या, बरोबर मधोमध बसवलं होतं. नमुना प्रत बांधून पाहिली, तर त्याचं नाक शिवणीत गडप. सगळं उकललं, खिडकी डावीकडे घेतली, उजवीकडची भिंत मजकुरासाठी मोकळी सोडली. आता आधी कॅमेरा ट्रायपॉडवर लावते, त्यातून बघते आणि मगच बांधायला घेते.

कॅमेरा अस्वलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवाच, नाहीतर आपण वरून खेळण्याकडे बघतोय असं वाटतं. पण इतक्या जवळून नाक स्पष्ट आलं की खिडकी धूसर होते. भिंगाचं छिद्र लहान केलं की जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट येतं, म्हणून ते एफ २२ पर्यंत लहान केलं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), तर सगळंच चित्र जरा मऊ पडलं. म्हणून एफ ८ वर फोकस किंचित किंचित मागे नेत १४ फोटो काढले आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन संगणकावर एकच फोटो जोडला. उजेडासाठी खिडकीबाहेर बटर पेपर लावलेला दिवा; ऊन तासाभरात सरकतं.

या १४ फोटोंत काहीही हलून चालत नाही. काचेवरचे पाण्याचे थेंब तर ओघळायचे किंवा सुकून जायचे. मग पारदर्शक प्लॅस्टिकवर सुईच्या टोकाने ग्लिसरीनचे थेंब ठेवले, अगदी मोहरीपेक्षाही बारीक. शेवटच्या फोटोपर्यंत एकही जागचा हलला नाही.