बीडची जीप, बिडाचं हाउसिंग

जीप बीड जिल्ह्यातली आणि काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, म्हणून आधी हसूच आलं. धारूरकडचे एक काका अंबाजोगाईच्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात गोणपाटात गुंडाळून बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच, घेऊन आले. जीपचा तीन गिअरचा बॉक्स काढून भंगारातला चार गिअरचा बसवायचा होता. चारपैकी तीन बोल्ट जुळत होते, चौथ्याचं भोक बोटभर बाहेर जात होतं. तिथं नवा कान, म्हणजे बोल्टाचं भोक असलेला बाहेर आलेला तुकडा, जोडायचा.

"एकानं जोडला व्हता की," काका म्हणाले. "दोन दिसांत हातात आला."

बघितलं तर वेल्डिंग शाबूत, आणि तुटलेलं त्याच्या अगदी शेजारून. साधा रॉड मारला होता. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास. वितळून झटकन थंड झालं की जोडाच्या कडेला काचेसारखा कडक पांढरा थर धरतो. ड्रिल लावलं तर बिट नुसतंच किंचाळलं आणि धार घालवून बसलं. तो सगळा भाग ग्राइंडरनं उडवला. भंगारातल्या दुसऱ्या हाउसिंगचा कान कापून घेतला. ठिणगी बघितली: लालसर, आखूड, लगेच विझणारी. म्हणजे तोही बिडाचाच.

मी निकेलचा रॉड काढला. तो महाग, नग मोजून आणतो. इंचभर टाका घालायचा, गरम आहे तोवर हातोडीनं टिपटिप करायचं, हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, मग दुसऱ्या टोकाला पुढचा टाका. सहा टाके असे नेमानं घातले. डिसेंबरची संध्याकाळ, शटरखालून वारं येत होतं, काका दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. शेवटचे तीन इंच मी एकदमच ओढले आणि चहाला बसलो.

अर्धा कप झाला असेल. टिण्ण! स्टीलच्या वाटीला चमचा लागावा तसा आवाज. काकांना कळलं नाही, मला कळलं: तडा गेला. रॉकेल फिरवून पुसलं, वर खडूची पूड टाकली. पांढऱ्यावर काळी रेघ हळूहळू उमटत गेली. इतक्या वर्षांत शिकाऊ पोरांना ओरडतो त्याच चुकीवर स्वतः बसलो होतो.

"काका, आज जमायचं नाही. मुक्काम करा."

रात्री पितळ भरायचं ठरवलं. खरं तर हेच आधी करायला हवं होतं, पण पितळेला वेळ लागतो म्हणून कंटाळा केला होता. निकेल काढून टाकलं, खाच रुंद केली. शेवटचा हात कानशीनं मारला, कारण ग्राइंडरनं बिडातलं ग्राफाइट पृष्ठभागावर फासलं जातं आणि मग पितळ धरत नाही. हाउसिंग जुन्या बॉक्सला तीन बोल्टांनी आवळून ठेवलं, वाकू नये म्हणून. विटांच्या आडोशात कोळसा पेटवून सगळंच तापवलं. आत मुरलेलं ऑइल आधी धूर होऊन निघालं. ते निघेपर्यंत थांबावंच लागतं. मग गॅसची ज्योत, टाकणखार, पितळेची सळई. बीड मंद लाल झालं आणि पितळ थेंब बनून न बसता पाण्यासारखं पसरलं. यात बीड वितळतच नाही, म्हणून तो काचेसारखा थर धरत नाही. गरम राखेत हाउसिंग पुरून शटर ओढलं.

सकाळी राखेच्या ढिगावर मांजर झोपलं होतं. मांजराला हाकललं, रेघ शोधली, नव्हती. ड्रिल लोण्यासारखं गेलं. दुपारी मेकॅनिककडं मापाची डायल लावून फिरवलं तर बोअर, म्हणजे मधलं गोल भोक, सात थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बाहेर. दहाच्या आत, म्हणजे क्लचला आणि गिअरला त्रास नाही.

काळ्या हाउसिंगवरची पिवळी रेघ काका बोटानं चाचपत होते. "आवं, ह्याला तर नथ घातली की तुम्ही!" मग हळूच, "पैसे बी सोनाराचेच घेणार काय?"

निकेलच्या रॉडचे पैसे मी धरले नाहीत.