नायगावच्या खोलीतून आलेला फोन

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि आमचे समुपदेशनाचे काम पूर्णपणे फोनवर आले. मे महिन्यातल्या एका दुपारी मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीतून एका बाईंचा फोन आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रात्री डोळा लागता लागता छातीत धडधड सुरू होते, हातांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही आणि आपल्याला कोरोनाच झाला अशी खात्री वाटू लागते, हे त्यांनी इतक्या दबक्या आवाजात सांगितले की मागची कुकरची शिट्टीच मला अधिक स्पष्ट ऐकू येत होती.

१६० चौरस फुटांची खोली, तीत नवरा, सासूबाई आणि दोन मुले. गॅलरीत जावे तर शेजारी उभे. माणसे एकटी पडली आहेत, असे तेव्हा सगळीकडे बोलले जात होते आणि ते खरेही होते. या बाईंना मात्र रडायचे झाले, तरी मोरीत भांडी घासताना नळ सोडून रडावे लागे.

मध्येच त्यांचा सूर बदलला. "हो ताई, रेशनचे तांदूळ मिळाले," असे त्या म्हणाल्या, तेव्हा कोणीतरी जवळ आले असावे हे मी ओळखले आणि फक्त हो किंवा नाही म्हणायला सांगितले. ताप? नाही. खोकला? नाही. जिना चढताना दम लागतो? नाही. धडधड थोड्या वेळात आपोआप ओसरते? हो. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हे मी नेहमी सरळ विचारते, कारण विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या क्षणभर थांबल्या. "नाही, तेवढं नाही."

लक्षणे पॅनिक अटॅकची, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याची वाटत होती. तांदूळ निवडता निवडताच त्यांनी माझ्याबरोबर चार मोजत श्वास घेतला आणि सहा मोजत सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला, आणि हळूहळू त्यांचा आवाज स्थिर झाला. टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून फोनवर वैद्यकीय सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे मार्चमध्येच आली असल्याने मानसोपचारतज्ज्ञांचा सल्लाही फोनवरच ठरवता आला.

पुढचे फोन त्या जिन्यातून करू लागल्या. तेवढा वेळ मुलांना सासूबाई सांभाळत. त्यानंतर कोणाचाही फोन आला की त्रास विचारण्याआधी मी विचारू लागले, "आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?"