पडद्यावरच्या चांदण्या

"तुमची ती एचडीएमआय काढा आणि माझी जुनी केबल परत लावा," काकांनी दारातच सांगितलं.

आम्ही बसवलेल्या एचडीएमआय या डिजिटल केबलवरून प्रोजेक्टरच्या चित्रात चांदण्या चमकतात, अशी त्यांची तक्रार होती. फोनवर मी त्यांना जरा शहाणपणाच शिकवला होता: डिजिटल आहे ते, चित्र आलं तर पूर्ण येणार, नाहीतर पडदा काळा, 'थोडंसं खराब' असं काही नसतंच. आता समोर बातम्या चालू होत्या आणि निवेदकाच्या काळ्या कोटावर पांढरे ठिपके लुकलुकत होते. काका काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

जुनी कंपोनंट केबल, म्हणजे ॲनालॉग, भिंतीतल्या पाइपात तशीच होती. हिरवी, निळी, लाल अशी तीन टोकं. यातून तीन रंग जातात असं पुष्कळांना वाटतं, पण हिरवीतून उजळपणा आणि सिंक, म्हणजे चित्र जुळवणारा इशारा, जातं, बाकी दोघींतून रंगांचे फरक. मी आधी हिरवी खोचली. बातम्या कृष्णधवल झाल्या तसे काका दचकले. मग उरलेल्या दोन लावल्या. १०८० ओळींचं चित्र (१०८०आय), एकही चांदणी नाही.

"बघा!" काका म्हणाले. त्यांचा विजय मला मान्य करावाच लागला.

मग त्यांनी हौसेनं ब्लू-रे लावली आणि चित्र एकदम मऊ, पुसट झालं. प्रोजेक्टरच्या माहितीपट्टीवर ५७६आय, म्हणजे जेमतेम ५७६ ओळी. प्लेअर २०१२चा. २०१० संपल्यावर आलेल्या नव्या मॉडेलना कॉपी-संरक्षणाच्या नियमानुसार संरक्षित डिस्कचं चित्र ॲनालॉग वाटेनं फार तर एसडी, म्हणजे असं कमी ओळींचंच, सोडता येतं. केबल बिचारी १०८०आय सहज नेत होती, अडवत होता तो प्लेअर. हा नियम मला आजही चीड आणणाराच वाटतो, पण त्यापुढे आमचा इलाज नाही.

नाइलाजानं पुन्हा एचडीएमआय लावली. प्लेअरच्या होम स्क्रीनवर चांदण्या होत्याच. सिनेमा सुरू केला आणि त्या गेल्या! मला वाटलं, कुठेतरी लूज कनेक्शन आहे. केबल हलवून पाहिली, काही फरक नाही. होम स्क्रीनवर परत आलो, चांदण्या परत. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

मग माहितीपट्टीकडे लक्ष गेलं. होम स्क्रीन १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम. सिनेमा १०८०पी, पण २४ फ्रेम. म्हणजे क्लॉक, केबलवरून चित्र पाठवण्याचा ठोका, १४८.५ मेगाहर्ट्झवरून ७४.२५वर, बरोबर निम्मा. सेट-टॉप बॉक्स १०८०पीवरून १०८०आयवर आणला, त्यात एका वेळी निम्म्याच ओळी जातात, म्हणून तिथलाही क्लॉक निम्मा होतो. चांदण्या गायब. वेग निम्मा असला की केबल तग धरत होती, पूर्ण वेगाला काही बिट चुकत होते, आणि चुकलेला बिट म्हणजे एक ठिपका. आणखी बिघडलं असतं तर पडदा काळा झाला असता. फोनवर मी सांगितलेल्या दोन टोकांच्या मधे ही एक अरुंद पट्टी होती, आणि काकांची केबल नेमकी तिथे उभी होती.

छतावरचं झाकण उघडलं तर प्रोजेक्टरमागे कपलर, म्हणजे दोन केबलींमधला जोड, निघाला. १० मीटरची केबल, तिला ५ मीटरचा तुकडा जोडलेला, वर काटकोनात वाकवलेला. हे काम आमच्याच माणसाचं. काकांना सांगितलं तेव्हा आवाज आपोआप खाली आला.

दुसऱ्या दिवशी १५ मीटरची अखंड ऑप्टिकल एचडीएमआय घेऊन गेलो. तिला दिशा असते, एक टोक प्लेअरकडचं, दुसरं पडद्याकडचं. ओढण्याआधी दोनदा वाचलं. पाइपातून ओढायला दोरी काही मिळेना, म्हणून काकांचीच कंपोनंट वापरली. तिच्या शेपटाला नवी बांधली आणि ओढली.

जुनी पूर्ण बाहेर आली तशी काकांनी ती हातात घेतली, कोपराभोवती नीट गुंडाळली आणि कपाटात ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तुम्हाला परत बोलवायची वेळ आली तर."