आवक-जावक : आमची वाटचाल

जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवणारा आमचा कारखाना मंडईच्या मागच्या बोळात आहे. कारखाना हा शब्द जरा मोठाच होतो, कारण दोन खोल्या, सात यंत्रे, एक कापणीचे टेबल आणि छताला लागलेली साड्यांची गाठोडी एवढाच हा पसारा आहे. २०१७ साली माझ्या धाकट्या जाऊबाई आणि मी सासूबाईंच्या पायाने चालवायच्या शिलाई यंत्रावर हे काम सुरू केले. पुढे जुकी कंपनीची यंत्रे आली, तरी बंदाला चौकोन घालून मध्ये फुली मारण्याची शेवटची टीप मी अजूनही त्याच जुन्या यंत्रावर मारते. त्याचा कापड दाबणारा पाय जड आहे, त्यामुळे साडीच्या काठाचे चार पदर एकावर एक आले तरी सुई तुटत नाही.

या धंद्यात पडलेल्यांना ठाऊकच असेल की पिशवीचे भवितव्य शिवणापेक्षा साडीच्या निवडीवर ठरते. साडेपाच मीटरच्या धड साडीतून सोळा बाय अठरा इंचांच्या आठ पिशव्या निघतात, आणि कापणारीचा हात बसलेला असेल तर दहासुद्धा निघतात. मात्र निऱ्यांचा खालचा भाग आणि कमरेला खोचला जाणारा पट्टा बहुधा विरलेला असतो. तो न पाहता कात्री चालवली, तर बटाटे भरताच पिशवी फाटते. ही पारख आम्हाला भांडीवाल्या मावशींनी शिकवली. मावशी बोहारीण आहेत. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन त्या चाळीस वर्षे याच गावातल्या गल्ल्या फिरत आहेत. साडी उजेडाकडे धरून, दोन बोटांत चोळून, ती किती धुण्यांची आहे हे त्या सांगतात, आणि त्यात क्वचितच चूक होते. दारावर गोळा झालेल्या साड्या त्या पूर्वी आठवडी बाजारातल्या व्यापाऱ्याला ढिगाने विकत असत. आम्ही नगावर भाव द्यायला लागलो, तेव्हा "ताई, फाटकी निघाली तर परत करा," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. आजवर परत करण्याची वेळ क्वचितच आली.

२३ जून २०१८ रोजी राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजारांचा दंड म्हटल्यावर एरवी आम्हाला उभे न करणारे दुकानदार आमच्या बोळात रांग लावू लागले. ती तेजी काही महिनेच टिकली, कारण बाजारात नॉन-वोव्हन पिशव्या आल्या. दिसायला कापडासारख्या असल्या, तरी त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. तरीही दुकानदार त्यांना बिनदिक्कत 'कापडी' म्हणत राहिले. ओळखायचे असेल तर एक धागा काडीने पेटवून पाहावा : सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि मागे राख उरते, तर हा वितळून त्याचा कडक मणी होतो. पुढची चार-पाच वर्षे मास्क, बाजारपेठ आणि लग्नांतल्या आहेराच्या पिशव्या यांवर बरी गेली.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' या मोहिमेत शहरोशहरी जुन्या वस्तू स्वीकारणारी केंद्रे उघडली, तशी ती आमच्या नगरपरिषदेनेही उघडली. पाठोपाठ पुनर्वापराचे काम करणाऱ्या स्थानिक गटांना यंत्रखरेदीसाठी अनुदान देण्याचे ठरले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी, स्वच्छता आणि घनकचरा यांसाठी बांधलेला होता. हा पैसा त्याच बंधित निधीतला आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. यंत्रांची किंमत ३ लाख २० हजार होती आणि तिच्या ७५ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, दोन समान हप्त्यांत मिळणार होते. सोबत पाच हजार पिशव्यांचे कामही मिळाले, दर नग २२ रुपये. पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही यंत्रे घेतली, पहिला हप्ता आला आणि कचेरीत आमचा फोटोही लागला.

दुसऱ्या हप्त्याची अट आम्ही नीट वाचली नव्हती, हे मी लपवत नाही. दरमहा एक टन कापड कचऱ्यापासून वळवल्याचा वजनकाट्याचा दाखला त्यासाठी हवा होता. एक साडी साधारण साडेचारशे ग्रॅम भरते. आम्ही महिन्याला सहाशे साड्या घेत होतो, म्हणजे पावणेतीनशे किलोही नाही. पण त्यांतून जवळजवळ पाच हजार पिशव्या होऊन लोकांच्या हातात जात होत्या. आमच्याच वेळी अनुदान मिळालेली दुसरी एक संस्था दर शनिवारी टेंपो भरून जीन्स, स्वेटर, गाद्यांची खोळ असे जे येईल ते काट्यावर चढवत होती. वजन झाल्यावर तो माल कुठे गेला, हे कागदावर कोणी विचारत नव्हते. एका पावसाळी सकाळी त्यांच्या शेडमागे भिजून कुजलेला ढीग मी स्वतः पाहिला. वर्षाचा गौरव त्यांना मिळाला. समारंभात वाटलेल्या पिशव्या नॉन-वोव्हन होत्या. एका पिशवीचा धागा मी घरी येऊन पेटवला, त्याचा मणी झाला.

आमचे पिशव्यांचे १ लाख १० हजारांचे बिलही त्याच फायलीला बांधले गेले. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा "आता जूननंतर" असे उत्तर मिळाले. वास्तविक, झालेल्या कामाचे पैसे देण्याला आचारसंहितेची आडकाठी नसते. पण ते सांगायला निवडून आलेला कोणी नगरपरिषदेत नव्हता, प्रशासक होते आणि त्यांची भेट मिळत नव्हती. जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. तीन शिलाईवाल्या बायका सोडून गेल्या, आणि त्यांना दोष देता येत नाही.

बिल अडकलेल्या त्या पाच महिन्यांत मावशींनी आणि त्यांच्या दोन सुनांनी आम्हाला साड्या उधारीवर दिल्या. साडीमागे २५ रुपयांच्या हिशेबाने ती रक्कम पाऊण लाखावर गेली. बोहारणीला नवी भांडी रोखीने भरावी लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या उधारीचे मोल कळेल. त्यांनी कागद मागितला नाही. दिवाळीपूर्वी द्या, एवढेच म्हणाल्या. मंडईतल्या किरकोळ विक्रीतून आम्ही तो पैसा दिवाळीच्या चार दिवस आधी फेडला.

अनुदान घेऊ पाहणाऱ्या नव्या मंडळींना माझे सांगणे आहे, त्यांनी विचारलेले नसले तरी : कार्यादेश, म्हणजे कामाचा लेखी हुकूम, हातात पडल्याशिवाय यंत्राची पावती फाडू नका, अनुदान आणि पुरवठ्याची कामे कधीही एका फायलीत जाऊ देऊ नका, आणि किती कापड आले त्याच्या शेजारच्या रकान्यात त्याचे काय झाले तेही रोज लिहा. अनुदान आवक मोजते. धंदा जावकीवर चालतो.

बिलाचे पैसे अखेर मिळाले, दंडाच्या नावाने थोडी कपात होऊन. दुसऱ्या हप्त्यासाठी वजनाबरोबर तयार नगही मोजावेत, असा सविस्तर अर्ज आम्ही जोडून दिला आहे. त्याचा आवक क्रमांक आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. कचेरीकडून जावक क्रमांक अजून आलेला नाही.