देखरेख बिलाआधी हवी
मुंबई मेट्रो ३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला. असं झालं की सगळे कॅगच्या अहवालाकडे डोळे लावून बसतात. पण लेखापरीक्षक येईपर्यंत पायाची सळई काँक्रीटखाली गेलेली असते. ती ओतकामाआधीच मोजून मोजमाप पुस्तकात, म्हणजे ज्यावरून बिल निघतं त्या नोंदवहीत, नोंदवायला हवी.

काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक स्पष्ट आहे: १६ ते ३० घनमीटरला ३ नमुने, प्रत्येक नमुन्याचे १५ सेंमीचे ३ क्यूब (चाचणीचे ठोकळे), २८ दिवसांनी चाचणी. गडबड होते ती क्यूब वेगळ्या, चांगल्या मालातून भरल्यामुळे. म्हणून सरकारी अभियंत्याने तिथे स्वतः उभं राहावं, क्यूबवर तारीख आणि खांबाचा क्रमांक घालून घ्यावा. शंका आली तर कोअर, म्हणजे घट्ट झालेल्या काँक्रीटमधून कापलेला दंडगोल तुकडा, काढावा. कोअरची सरासरी ताकद त्या काँक्रीटच्या ठरलेल्या क्यूब-ताकदीच्या ८५ टक्क्यांखाली असेल तर कंत्राटदाराचं बिल अडवावंच.